साठ विषय, पाऊण तास: स्थायी समितीपुढची बांधकाम खात्याची कार्यपत्रिका कशी वाचावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या महापालिकेच्या स्थायी समितीची कार्यपत्रिका तुमच्या हाती आली. रस्ते, नाले, इमारती असे बांधकामाचेच साठेक विषय त्यात होते. बैठक पाऊण तासात आटोपली, जवळपास कोणत्याच विषयावर कोणी बोललं नाही आणि सगळे मंजूर झाले. तुमच्या प्रभागातल्या नाल्यावरच्या कल्व्हर्टचा, म्हणजे छोट्या पुलाचा, विषय ‘मुदतवाढीस मान्यता’ असा होता, तोही या रांगेतून निघून गेला. यात काही काळंबेरं आहे का, आणि सामान्य माणसाने या कागदांत पाहायचं तरी काय?

मी महापालिकेच्या स्थापत्य विभागात कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो आणि कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालो. स्थायीपुढे जाणारी विषयपत्रं, म्हणजे प्रस्तावांचे मसुदे, लिहिणं आणि नंतरच्या वर्षांत ज्युनिअरांनी लिहिलेली तपासणं हा माझ्या नोकरीचा मोठा भाग होता. त्यामुळे आधीच सांगतो: बैठक किती मिनिटं चालली याकडे तुम्ही बघताय, आणि नेमकी तीच गोष्ट काही सांगत नाही. सांगणारं बरंच काही त्या साठ विषयांच्या शीर्षकांतच असतं, फक्त ते फार रटाळ भाषेत असतं.

वेगाचं आधी उरकू. एखाद्या रस्त्याची निविदा स्थायीपुढे येते तेव्हा त्या कामाचा प्रवास बहुतेक संपलेला असतो. कनिष्ठ अभियंत्याने पूर्वगणनपत्रक (कामाच्या खर्चाचा तपशीलवार अंदाज) केलेलं असतं, दरसूचीनुसार (कोणत्या बाबीला काय दर, याची ठरलेली यादी) दर लावलेले असतात, उपअभियंता आणि कार्यकारी अभियंत्याने ते तपासून तांत्रिक मान्यता झालेली असते, अंदाजपत्रकात तरतूद आहे का हे लेखा विभागाने पाहिलेलं असतं, निविदा महाटेंडर्सवर, म्हणजे राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर, निघून तांत्रिक आणि दराचा असे दोन लिफाफे उघडून झालेले असतात आणि सर्वात कमी दराच्या ठेकेदाराशी पत्रव्यवहारही झालेला असतो. स्थायीने शेवटी एवढंच ठरवायचं असतं की हा दर आणि हा ठेकेदार मान्य की नाही. प्रत्येक निविदेवर अर्धा तास चर्चा करायची म्हटलं तर वर्षभरात एक रस्ता व्हायचा नाही. शिवाय जी काही चर्चा व्हायची ती बरेचदा आदल्या दिवशीच्या पक्षबैठकीत किंवा अध्यक्षांच्या दालनात होऊन गेलेली असते. ते चांगलं की वाईट यावर माझं मत आहे, पण तुमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. ‘सूचक, अनुमोदक, मंजूर’ हे तीन शब्द पटापट उच्चारले गेले म्हणून काम बनावट ठरत नाही, आणि दोन तास खडाजंगी झाली म्हणून ते चोखही ठरत नाही.

शहरानुसार फरक पडतो, हेही ध्यानात घ्या. मुंबई महापालिका 1888 च्या स्वतःच्या कायद्यावर चालते. बाकीच्या महापालिका 1949 च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमावर चालतात, आणि तिथे स्थायी समितीत सोळा सदस्य असतात, त्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात. किती रकमेपर्यंतचा करार आयुक्तांनी स्वतःच्या अधिकारात करायचा आणि किती रकमेपुढचा स्थायीकडे पाठवायचा, ही मर्यादा सगळीकडे सारखी नाही. मार्च 2022 पासून मुंबई-पुण्यात नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक आले, तेव्हा तर आयुक्तच प्रस्ताव ठेवणारे आणि तेच स्थायीच्या अधिकारात मंजूर करणारे, असा प्रकार होता. म्हणून तुमच्या शहरातल्या मर्यादा नगरसचिव कार्यालयात विचारून घ्या. त्या माहीत असल्या की एक गंमत लगेच दिसते: एकाच रस्त्याचे ‘अमुक चौक ते तमुक दुकान’ आणि ‘तमुक दुकान ते ढमुक मंदिर’ असे तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याची रक्कम मर्यादेच्या थोडीशी अलीकडे. असे तुकडे स्थायीत येतच नाहीत, त्यामुळे कार्यपत्रिकेत काय आहे याइतकंच काय नाही हेही पाहावं लागतं.

आता साठ विषयांकडे वळू. नव्या निविदांचे विषय लोक आवडीने वाचतात, कारण तिथे मोठी रक्कम आणि ठेकेदाराचं नाव असतं. माझा सल्ला उलटा आहे. निविदेचा विषय सर्वांत जास्त हातांतून गेलेला असतो, त्यामुळे त्यात वरवर काही सापडत नाही. त्यात पाहायचं तर दोनच गोष्टी. किती निविदा आल्या, आणि दर पूर्वगणनपत्रकातल्या दरापेक्षा किती कमी किंवा जास्त आहे. पंचवीस-तीस टक्के कमी दर वाचून नागरिक खूश होतात, वाचवले म्हणतात. मला मात्र असा दर दिसला की दोन शंका यायच्या: एक तर पूर्वगणनपत्रकच फुगलेलं आहे, नाहीतर ठेकेदार हा तोटा पुढे कुठेतरी भरून काढणार आहे. म्हणूनच फार कमी दराच्या निविदेला जादा सुरक्षा अनामत घेतात. पुढे म्हणजे कुठे, तर ज्या विषयांवरून तुमची नजर घसरली तिथे. मुदतवाढ, वाढीव परिमाण, जादा बाबी, वर्गीकरण.

मुदतवाढीपासून सुरुवात करतो, कारण तुमचा कल्व्हर्ट तिथे आहे. मुदतवाढ म्हणजे ठेकेदाराला पाठीशी घालणं असा समज आहे, आणि तो कधीकधी खराही असतो. पण बऱ्याच मुदतवाढी लागतात त्या वेगळ्याच कारणाने. कराराची मुदत संपल्यानंतरच्या कामाचं देयक लेखा विभाग पास करत नाही, फाइल परत येते. त्यामुळे काम होऊन सहा महिने झाले, लोक त्यावरून गाड्या चालवतायत, आणि अंतिम देयकासाठी मुदतवाढीचा विषय आता स्थायीत आलाय, असं सर्रास घडतं. अशा विषयात चिंता करण्यासारखं फारसं काही नसतं. आळस असतो, तो आमचा.

खरी मुदतवाढ, म्हणजे काम अर्धवट असतानाची, वाचताना कारणाचा स्तंभ पाहा. बी-1, बी-2 या ठेक्याच्या ठरावीक नमुन्यांतल्या करारांत दिरंगाईच्या दंडाचं कलम वेगळं असतं आणि मुदतवाढीचं वेगळं. चूक महापालिकेची असेल, म्हणजे जागा ताब्यात दिली नाही, जलवाहिनी हलवली नाही, महावितरणची केबल आडवी आली, वाहतूक पोलिसांनी रस्ता बंद करायला परवानगी दिली नाही, तर विनादंड मुदतवाढ देणं योग्यच आहे. चूक ठेकेदाराची असेल तर दंडासह. आणि आमच्या खात्याचा लाडका मधला मार्ग म्हणजे ‘दंडाचे अधिकार राखून’. म्हणजे आत्ता दंड नाही, अंतिम देयकाच्या वेळी बघू. त्या वेळी किती जण बघतात हे तुम्ही अंतिम देयकाची प्रत काढून पाहू शकता. करारात भाववाढीचं कलम असेल तर मुदतवाढ कोणत्या प्रकारची आहे यावर पुढची सिमेंट-स्टीलची भाववाढ द्यायची की नाही हेही ठरतं. म्हणून ‘मुदतवाढ’ हा शब्द निरुपद्रवी दिसला तरी त्याच्या शेपटीला पैसे असतात.

नाल्याच्या कामात आणखी एक गोष्ट पाहायची असते, आणि ती ना ठरावात लिहिलेली असते ना टिप्पणीत. तारखा आणि हंगाम यांचा मेळ. नाल्यात काम करायचा हंगाम आपल्याकडे साधारण नोव्हेंबर ते मे. पात्र अडवायचं, पाणी पंपाने काढायचं, खोदाई करून तळाचा राफ्ट (काँक्रीटचा पाया) टाकायचा, मग भिंती, मग वरचा स्लॅब. काँक्रीटला पूर्ण ताकदीसाठी 28 दिवस धरतात, एकेक टप्पा आधीच्या टप्प्याची वाट बघतो. निविदेत ‘मुदत सहा महिने’ लिहिलेली असते, आणि ती पावसाळा धरून की पावसाळा वगळून हे पुढच्याच ओळीत असतं. ती ओळ वाचा. समजा कार्यादेश (काम सुरू करण्याचा आदेश) फेब्रुवारीत निघाला, तर खरं काम करायला तीन-साडेतीन महिनेच मिळाले. एप्रिलमध्ये जलवाहिनी लागली आणि काम थांबलं की तो हंगाम गेला. आता ‘चार महिने मुदतवाढ’ मे महिन्यात मंजूर झाली तर ते चार महिने जून ते सप्टेंबर. म्हणजे कागदावर मुदत वाढली, नाल्यात एक घमेलंही पडलं नाही, आणि ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या मुदतवाढीचा विषय येणार हे विषयपत्र लिहिणाऱ्यालाही माहीत असतं. मी हे असं लिहून आलेलं विषयपत्र परत पाठवायचो आणि मुदत सरळ पुढच्या मेपर्यंत मागायला सांगायचो. वरिष्ठांना ते आवडत नसे, कारण एका वर्षाची मुदतवाढ समितीत डोळ्यांत भरते आणि चार महिन्यांची भरत नाही. तुमच्या कल्व्हर्टची मुदतवाढ कोणत्या तारखेपर्यंत आहे ते पहिल्यांदा बघा. ती पावसाळ्यातच संपत असेल तर ती मुदतवाढ कामासाठी नाही, फाइल जिवंत ठेवण्यासाठी आहे.

दुसरा विषय वाढीव परिमाण आणि जादा बाबींचा. शीर्षक साधारण असं असतं: ‘कलम 38 अन्वये वाढीव खर्चास मान्यता’, किंवा ‘जादा बाबींच्या दरांस मान्यता’. आमच्या बोलीत क्लॉज 38 (हे ठेक्याच्या करारातलं कलम) आणि ईआयआरएल (जादा बाबींच्या दरांची यादी). सोप्या भाषेत, निविदेतल्या परिमाणापेक्षा (ठरलेल्या कामाच्या मापापेक्षा) पाव पट, म्हणजे 25 टक्क्यांपर्यंत, जास्त काम झालं तर ते निविदेच्याच दराने होतं. त्यापुढच्या परिमाणाचा दर त्या वेळच्या दरसूचीवरून ठरतो. निविदेत जी बाब नव्हतीच, ती जादा बाब, आणि तिचा दर नव्याने मंजूर करावा लागतो.

यात गैर काय असू शकतं? खोदाईचं उदाहरण घ्या. मुरूम खोदण्याचा दर आणि कठीण खडक फोडण्याचा दर यांत मोठी तफावत असते. शहरात सुरुंग लावता येत नाही, ब्रेकरने खडक फोडावा लागतो, म्हणून तो दर आणखी चढा. पूर्वगणनपत्रकात मुरूम जास्त आणि खडक थोडा धरलेला असतो. प्रत्यक्षात खडक निघाला तर परिमाण वाढणारच, आणि तो प्रामाणिक खर्च आहे. पण खड्डा बुजल्यावर, वर काँक्रीट पडल्यावर, आत मुरूम होता की खडक हे कोण सांगणार? ते फक्त मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवायची वही, सांगते. बी-2 म्हणजे बाबनिहाय दराच्या निविदेत तर हुशार ठेकेदार जागा पाहून येतो, खडक वाढणार हे ओळखतो, खडकाला चढा दर भरतो आणि जे होणारच नाही त्या बाबीला मातीमोल दर भरून एकूण रकमेत सर्वांत खाली येतो. यात बेकायदा काहीच नाही. कमतरता आमच्याकडची, की पूर्वगणन करण्यापूर्वी चाचणी खड्डे घेतले नाहीत. म्हणून वाढीव खर्चाचा विषय दिसला की विचारायचा प्रश्न ‘का वाढला’ हा नाही. त्याचं उत्तर नेहमी तयार असतं: ‘प्रत्यक्ष जागेवरील परिस्थितीनुसार’. विचारायचं हे की पूर्वगणनाच्या वेळी चाचणी खड्डे घेतले होते का, आणि त्यांची नोंद कुठे आहे.

सगळी वाढ संशयास्पद नसते हेही सांगायला हवं. 18 जुलै 2022 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांच्या बहुतेक कामांवरचा जीएसटी 12 वरून 18 टक्के झाला. त्याआधी निविदा झालेल्या आणि त्यानंतर देयक निघालेल्या कामांत फरकाची रक्कम आली, ती अशाच विषयांतून. त्यात ठेकेदारालाही काही मिळालं नाही आणि अभियंत्यालाही नाही.

तिसरा विषय वर्गीकरण, आणि माझ्या मते सामान्य नागरिकाने सर्वात आधी वाचावा असा हाच. अंदाजपत्रकात एका कामासाठी ठेवलेली तरतूद दुसऱ्या कामाकडे वळवणं म्हणजे वर्गीकरण. डिसेंबरनंतर यांचा पूर येतो, कारण 31 मार्चला न वापरलेली तरतूद व्यपगत होते, म्हणजे बुडते. कारणं खरीही असतात: भूसंपादन अडकलं, रेल्वेची परवानगी आली नाही, निविदेला प्रतिसादच मिळाला नाही, मग पैसा पडून ठेवण्यापेक्षा दुसरीकडे वापरलेला बरा. पण विषयाच्या शीर्षकात नेहमी पैसे कुठे जातायत ते आधी लिहिलेलं असतं: ‘प्रभाग अमुकमध्ये पेव्हर ब्लॉक बसविणेकामी वर्गीकरणाने रक्कम उपलब्ध करणे’. नगरसेवकही तेवढंच वाचतात, कारण मिळणाऱ्याचा फोटो निघतो. पैसे कुठून निघाले हे आत तक्त्यात ‘कमी करावयाची रक्कम’ या रकान्यात असतं. पावसाळी गटारं, कल्व्हर्ट, संरक्षक भिंती ही कामं तिथे हळूहळू आटताना मी अनेकदा पाहिली. त्या कामाला कोणी ‘नाही’ म्हणत नाही, त्याची फाइल बंद होत नाही, फक्त त्याच्या नावावरचे पैसे जातात. पुढच्या वर्षी पुन्हा टोकन (नावापुरती) तरतूद, पुन्हा वर्गीकरण. तुमच्या कल्व्हर्टचं अर्थशीर्षक, आमच्या भाषेत बजेट हेड, माहीत करून घ्या आणि जानेवारी ते मार्चच्या प्रत्येक कार्यपत्रिकेतल्या त्या रकान्यात ते शोधा.

बाकीचे विषय पटकन सांगतो. ‘कलम 67 (3) (क) अन्वये केलेल्या कामाची माहिती’ म्हणजे 1949 च्या अधिनियमाखाली आयुक्तांनी आणीबाणीत थेट करून घेतलेलं काम. जुलैत नाल्याची भिंत ढासळली तर निविदा काढत बसता येत नाही, तरतूद त्यासाठीच आहे. तिथे घटनेची तारीख आणि स्थायीला कळवल्याची तारीख यांतलं अंतर पाहा. त्याच अधिनियमाच्या ‘अनुसूची ड, प्रकरण 5’ चा उल्लेख आणि ‘थेट पद्धतीने’ हे शब्द असले तर विनानिविदा काम आहे, कारण वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘तहकूब’ म्हणजे नामंजूर नव्हे. एकच विषय तीन-चारदा तहकूब होत असेल तर कोणाचं तरी कोणाशी तरी जमायचं बाकी आहे, यापेक्षा जास्त मी लिहीत नाही. आणि ‘ऐनवेळचे विषय’ तुमच्या हातातल्या कार्यपत्रिकेत नसणारच, उपसूचनेने, म्हणजे बैठकीत मांडलेल्या दुरुस्तीने, बदललेला मजकूरही नसणार. ते दोन्ही फक्त इतिवृत्तात सापडतात. म्हणून कार्यपत्रिका मिळाली तरी इतिवृत्ताची प्रत घ्यायचीच, आणि तुमच्या विषयाचा ठराव क्रमांक टिपून ठेवायचा. त्या क्रमांकाशिवाय खात्यात तुमचं कोणी ऐकणार नाही.

कुठे विचारायचं, हा तुमचा शेवटचा भाग. माहितीच्या अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर 30 दिवसांत उत्तर मिळणं अपेक्षित आहे, पण त्याआधी एक सोपा रस्ता आहे. महाराष्ट्रात 2018 च्या शासन निर्णयाने स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहण्याची सोय केली; तुमच्याकडे ती चालू आहे का ते आधी विचारा. जा आणि फाइल मागा. कोणी टाळाटाळ केली तर अर्ज करा, पण अर्जात ‘या कामाची संपूर्ण माहिती द्यावी’ असं लिहू नका. अशा अर्जाला उत्तर म्हणून कागदांचा गठ्ठा किंवा ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे’ हे वाक्य मिळतं, आणि ते वाक्य लिहायला आम्हाला एक मिनिट लागतं. नेमके कागद मागा: कार्यादेशाची प्रत, मुदतवाढीच्या प्रस्तावावरची कार्यकारी अभियंत्याची टिप्पणी, जागा ठेकेदाराच्या ताब्यात दिल्याचं पत्र, जलवाहिनी हलवण्याबाबत पाणीपुरवठा विभागाशी झालेला पत्रव्यवहार आणि मोजमाप पुस्तिकेची आजवरची पानं. माहिती अधिकार कायद्यात चालू कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. काँक्रीट चालू असताना तो वापरलात तर साइटवर बराच फरक पडतो, हे आमच्याच बाजूने उभं राहून पाहिलेलं आहे.

या पाच कागदांत तुमचं उत्तर बहुधा जागा ताबा पत्राच्या तारखेत आणि पाणीपुरवठा विभागाच्या पत्रांत असेल. कार्यादेशानंतर दोन-तीन महिने कोणी एकमेकांना पत्रच लिहिलेलं नसेल तर दिरंगाई महापालिकेच्या दोन खात्यांमधली आहे, आणि ठेकेदारावर ओरडून उपयोग नाही. शहर अभियंत्यांकडे दोन्ही खात्यांची संयुक्त पाहणी मागा. पत्रं वेळेवर गेली, वाहिनी हलली, आणि तरी मोजमाप पुस्तिका कोरी असेल, तर मुदतवाढ विनादंड का दिली हा प्रश्न लेखी विचारा, एक प्रत मुख्य लेखापरीक्षकांना द्या. आणि हे सगळं ऑगस्टच्या अखेरीआधी करा. ऑक्टोबरात नाल्याचं पाणी उतरलं की कोणतं काम आधी घ्यायचं याची यादी विभागात सप्टेंबरातच ठरते.